एकास एकशेवीस

मुदखेडहून निघालेली मीटरगेज आदिलाबादला येऊन संपायची. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट अशी स्टेशनं घेत, सागाच्या जंगलातून आणि काळ्या रानांतून सुमारे १६० किलोमीटर आल्यावर तिच्यापुढे रूळच उरत नसत. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून मागे येऊन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. पैनगंगेपलीकडे पिंपळखुटीपर्यंत माजरीच्या बाजूने आलेली ब्रॉडगेज होती. तिच्याशी आदिलाबाद नंतर जोडलं गेलं आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मुदखेडपर्यंतचा सगळा मार्गच रुंद झाला. मुंबईहून निघालेली नंदीग्राम एक्सप्रेस मग आदिलाबाद करून पुढे विदर्भात जाऊ लागली. गावाचं भलं झालं, यात शंका नाही. पण मला घरात जे आदिलाबाद उभं करायचं होतं, ते शेवटचं स्टेशन असलेलं. रूळ संपतात तिथे काय काय घडतं, हे मला सावकाश पाहायचं होतं.

खेळण्यातली आगगाडी म्हटलं की डोळ्यांसमोर गोल फिरणारी गाडीच येते. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात ठरावीक मापांचे, हवे तितके वाढवत नेता येणारे रूळ मांडले. तेव्हापासून जगभरच्या घराघरांत आगगाड्या गोल फिरताहेत. त्याचं कारण साधं आहे. मुलांना गाडी चालताना पाहायची असते आणि थोड्या जागेत सतत चालायचं तर गाडीला गोलच फिरावं लागतं. खरी गाडी मात्र कुठून तरी येते, कुठे तरी पोचते, आणि पोचल्यावर तिच्याभोवती माणसांची कामं सुरू होतात. शिवाय गोलाला जागा फार लागते. रूळ कितीही बारीक घेतले तरी वळण फार आवळता येत नाही. त्यासाठी घरात दोन फूट रुंद टेबल कायमचं मांडून ठेवावं लागतं. शेवटच्या स्टेशनाचं फूटभर रुंदीच्या फळीवर भागतं, आणि फळी भिंतीला ठोकली की घरातल्या कोणाच्या पायात येत नाही.

ही कल्पना अर्थात माझी नव्हे. इंग्लंडमध्ये सायरिल फ्रीझर यांनी १९५७ साली 'मायनोरीज' नावाचा एक आराखडा छापला होता. जागा कमी असलेल्या माणसाला दोन फळ्या दुमडून ठेवता येतील, एवढंसं ते टर्मिनस. हौशी लोक आजही त्याच्या आवृत्त्या बांधतात. अशा मांडणीत एका टोकाला स्टेशन असतं आणि दुसऱ्या टोकाला आडोशामागे दोन-तीन नुसते रूळ. तिथे गाड्या हाताने लावून ठेवायच्या, वेळ झाली की पुढे सोडायच्या. पाहणाऱ्याला फक्त स्टेशन दिसतं. माझ्या फळीवर आडोसा म्हणून सागाच्या झाडांची दाट रांग आहे आणि रांगेमागे पुठ्ठ्याची भिंत. तिच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'मुदखेड'. किनवट, पूर्णा, परभणी, मनमाड, सिकंदराबाद सगळं त्या भिंतीपलीकडे मावतं. तिकडून गाडी येते तेव्हा ती लांबून आली आहे हे मला पटतं. गोल फिरणाऱ्या गाडीबद्दल तसं कधी वाटलं नसतं.

भारतातली रेल्वे लहान करायला बसलं की पहिला अडथळा मापाचा येतो. जगात सर्वांत जास्त चालतं ते एच-ओ माप, म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलेले. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ने भागलं तर उत्तर १९ मिलिमीटरच्या वर जातं. तयार मिळणाऱ्या रुळांवर आपली ब्रॉडगेजची गाडी ठेवली की ती पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. आपल्याकडचे बरेच जण ते चालवून घेतात, आणि त्यात काही वावगं नाही. मीटरगेजचं मात्र सुरेख जमतं. १:१२० माप धरून १००० मिलिमीटरला १२०ने भागा, ८.३३ येतात. 'एन' मापाचे बारीक रूळ ९ मिलिमीटरचे असतात. फरक एक मिलिमीटरच्याही आत. न्यूझीलंड आणि जपानमधले हौशी लोक आपापल्या साडेतीन फुटी गेजसाठी हीच वाट धरतात. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आहे. असा भागाकार जमून आला की मला मनापासून आनंद होतो.

इंजिनाचंही तसंच जुळलं. मीटरगेजवरचं आपलं नेहमीचं डिझेल म्हणजे वायडीएम-४. मुळात अमेरिकेच्या अल्को कंपनीचं, पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनलेलं. १:१२० मापात त्याची लांबी साधारण १३ सेंटिमीटर होते. 'एन' मापात, म्हणजे १:१६० मध्ये, मिळणारी सहा आसांची अमेरिकन डिझेल इंजिनं जवळपास तेवढ्याच लांबीची असतात. वरचं कवच उतरवायचं, खालची चाकं आणि मोटर ठेवायची, आणि प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून वायडीएम-४चं अंग कापून वर बसवायचं. अर्ध्या मिलिमीटरची कडा घासून गोल करताना, दरवाजांच्या फटी सुईने कोरताना संध्याकाळ कधी सरते ते कळत नाही.

पण सगळंच असं प्रमाणात उतरत नाही. खरं वायडीएम-४ ७२ टनांचं. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १२०ने कमी झाल्यामुळे वजन १२० गुणिले १२० गुणिले १२०, म्हणजे १७ लाख २८ हजार पटींनी उतरायला हवं. उत्तर येतं जेमतेम ४२ ग्रॅम. एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं रुळावर नीट टेकत नाहीत, रुळातून वीज घेत नाहीत, चार डबेही ओढत नाहीत. म्हणून आत शिशाचे तुकडे भरून ते हिशोबापेक्षा जड करावं लागतं. खरं वागावं म्हणून वजनाचं प्रमाण मोडायचं. अंतराचं तर विचारूच नका. मुदखेड ते आदिलाबाद हा मार्ग या मापात पुरा घातला तर सव्वा किलोमीटरच्या वर जाईल. सात डब्यांची पॅसेंजर इंजिनासकट उभी केली तर तीच सव्वा मीटर खाते, आणि माझी फळी सहा फुटांची. तेव्हा चार डबे ठेवले, फलाट तेवढा आखूड केला, मालधक्का अर्ध्यावर आणला. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं हीच या कामातली खरी मेहनत. करवत आणि गोंद त्यानंतरचे.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे अख्खं शहर मांडलेलं आहे: रस्ते, पूल, सर्कस, गाड्यांचे कितीतरी प्रकार आणि त्यांचे सिग्नल. हॅम्बुर्गचं मिनिएचर वंडरलँड २००१ साली सुरू झालं आणि आज तिथे पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ आहेत. पण परदेशी दालनाचं वर्णन वाचणं वेगळं, आणि कोथरूडसारख्या नेहमीच्या वस्तीत, आपल्याच भाषेत माहिती ऐकत ते पाहणं वेगळं. एका माणसाने हौस म्हणून जन्मभर जमवलेलं आणि हाताने जुळवलेलं ते काम मी पाहिलं नसतं, तर फळी ठोकायची हिंमत मला झाली नसती. जोशींनी शहर उभं केलं. माझ्या आवाक्यात एक स्टेशन होतं, आणि मला हवंही तेच होतं.

सामान आसपासचंच वापरायचं, हे मी पहिल्यापासून ठरवलं. पैनगंगेची वाळू चहाच्या गाळणीतून दोनदा चाळली की रुळांखालची खडी होते. जमिनीला शेतातली काळी माती, फडक्यातून गाळून, पातळ गोंदाच्या पाण्यावर भुरभुरवलेली. पऱ्हाटीच्या वाळलेल्या फांद्यांचे शेंडे म्हणजे उन्हाळ्यातला पानं गळालेला साग. असं हुबेहूब झाड परदेशी पाकिटातून निघत नाही. स्टेशनची इमारत आणि गोदाम मी निर्मलच्या लाकडातून केलं. निर्मल हा आता वेगळा जिल्हा झाला, पण २०१६ पर्यंत तो आमच्याच जिल्ह्यात होता. तिथल्या खेळण्यांचं पोणिकी लाकूड वजनाला इतकं हलकं आणि इतकं मऊ, की साध्या धारदार पात्याने भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटतं. तिथले कारागीर तुकडे जोडायला आणि फटी बुजवायला चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा एकत्र मळून घेतात. मी तेच केलं. खळ वाळल्यावर भिंतीला जो बारीक खरखरीतपणा येतो, तो चुन्याने रंगवलेल्या जुन्या सरकारी भिंतीचाच. दाराची चौकट काडेपेटीतल्या काडीची, कौलं जाड कागदाची, एकेक ओळ वेगळी कापून लावलेली. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी आहेत. खरी गाठ १७० किलोची, इथली सेंटिमीटरभर. तिच्यावरच्या लोखंडी पट्ट्यांसाठी पाकिटाच्या चंदेरी कागदाचे केसासारखे धागे कापले. आदिलाबादच्या स्टेशनात कापूस दिसला नाही तर ते आदिलाबाद कसलं?

स्टेशनच्या नावाची पाटी पिवळी, अक्षरं काळी. या मापात अक्षराची उंची अडीच मिलिमीटर. देवनागरी शिरोरेषेच्या आधाराने लिहून होते. तेलुगू अक्षरांना आधाराची रेष नाही, प्रत्येक वळण स्वतःच्या भरवशावर उभं असतं. भिंगाखाली, एका केसाच्या कुंचल्याने, श्वास धरून ती लिहावी लागतात. घरी आम्ही मराठी बोलतो, बाजारात तेलुगू, आणि जुनी माणसं उर्दूतही सहज शिरतात. पाटीवर हात फिरला तेव्हा मी गावच लिहितेय असं वाटलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ती सांगते.

जुन्या मार्गांवर रूळ एकसंध नसत. मीटरगेजचे रूळ १२ मीटर लांबीचे. दोन रुळांच्या मध्ये थोडी फट ठेवायची, कारण उन्हात लोखंड वाढतं. त्या फटीवरून चाक गेलं की ठक्क असा आवाज येतो. ज्यांनी त्या गाडीत रात्र काढली आहे त्यांच्या अंगात तो ठेका अजून असेल. १२ मीटरला १२०ने भागलं की १० सेंटिमीटर येतात. म्हणून मी रुळांच्या माथ्यावर, दर १० सेंटिमीटरवर, बारीक करवतीने खाच घेतली. फट प्रमाणात ठेवायची तर ती मिलिमीटरचा विसावा भाग असती आणि ऐकूच आली नसती. म्हणून तिचंही प्रमाण मोडलं, डब्यांतही शिसं भरलं. मग गाडी सोडली. ताशी ४३ किलोमीटर हा त्या मार्गाला शोभणारा वेग. म्हणजे सेकंदाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला एक रूळ. फळीवर तोच वेग सेकंदाला १० सेंटिमीटर होतो. म्हणजे पुन्हा सेकंदाला एक खाच.

अंतर १२० पटींनी आटलं, वेगही १२० पटींनी आटला, आणि मधला काळ जसाच्या तसा राहिला. वजन खोटं, फट खोटी, फलाट आखूड, जंगल पऱ्हाटीचं. ठेका मात्र खरा. किनवटच्या जंगलातून रात्री येताना जो ऐकला होता तोच, त्याच लयीत. स्टेशन जवळ आलं, मी कंट्रोलरची कळ हळूहळू मागे घेतली, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर लांबत गेलं. गाडी थांबण्याआधी अंथरूण-वळकटी आवरायला लागायचो, ते हे लांबणारं अंतर ऐकूनच. हा भागाकार मुलांना वर्गात कितीदा करून दाखवला असेल, पण त्याचं उत्तर कानाने ऐकायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी फळीवर घड्याळ खरंच ठेवते. अनेक हौशी लोक पळतं घड्याळ वापरतात. अंतर कमी, म्हणून तासाभराचं वेळापत्रक दहा मिनिटांत उरकायचं. मोठ्या मांडणीत, चार-पाच जण मिळून गाड्या चालवतात तेव्हा, ते सोयीचं असेल. शेवटच्या स्टेशनाला ते मारक आहे. इथे गाडी येते बारा सेकंदांत. खरं काम सुरू होतं ती उभी राहिल्यावर. इंजिन सुटतं, रुळाच्या टोकापर्यंत जातं, थांबतं. सांधा बदलतो. इंजिन बाजूच्या रुळावरून हळू मागे येतं, पुन्हा थांबतं. दुसरा सांधा. मग डब्यांच्या पलीकडच्या टोकाला अलगद टेकतं. मालगाडी असेल तर गाठींच्या वाघिणी एकेक करून मालधक्क्याला लावायच्या. घाईने केलं तर मजा जाते. रेल्वेचा बराचसा वेळ उभं राहण्यात आणि वाट पाहण्यात जातो, आणि माझ्या मते मॉडेल करावं ते याच वेळेचं.

आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. मीटरगेजवर सांधेवाला म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली. फळी पाहायला आले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सिग्नलजवळ वाकले. जुन्या पद्धतीचा हाताचा सिग्नल, आडवा असला की थांबा, खाली पडला की या.

"ताई, हा हिवाळ्यातला आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, "काहून काका?"

"पूर्ण पडला ना खाली. उन्हाळ्यात तार ढिली पडते. लिव्हर ओढला तरी हात अर्धाच येते. मग आधी तार ताणा, मंग ओढा."

लिव्हरपासून सिग्नलपर्यंत शेकडो मीटर तार जाते. उन्हाने ती लांबते आणि हाताला पुरेसा ओढा बसत नाही. पुस्तकात हे असतं, पण ताणकळ फिरवणारा हात पुस्तकाला नसतो. आदिलाबादचा उन्हाळा पंचेचाळीसला टेकतो आणि डिसेंबरात सकाळी हात गारठतात. माझ्या फळीवरचे रूळसुद्धा तीस अंशांच्या फरकाने सहा फुटांत जवळजवळ एक मिलिमीटर लांबतात. खाचांबरोबर मी दोन ठिकाणी खऱ्या फटी सोडल्या आहेत त्या त्यासाठीच. काकांनी त्या बोटाच्या नखाने चाचपून पाहिल्या आणि मान डोलावली. मग गोळ्याचं सांगत बसले. एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी असावी म्हणून यंत्रातून पोलादी गोळा काढून द्यायचा, तो चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. गाडी न थांबता जाणार असेल तर कडं उंच धरून उभं राहायचं आणि ड्रायव्हरच्या बाजूचा माणूस ते हात घालून उचलायचा. "अंधारात कंदिलाच्या उजेडात," ते म्हणाले, "आणि पाऊस असला तरी." ते कडं मी आता करते आहे, तांब्याच्या तारेचं, चार मिलिमीटरचं. ते धरणारा माणूस १४ मिलिमीटर उंच असेल.

काका निघून गेल्यावर मी नकाशा काढून बसले. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवटचा भाग नांदेडकडे गेला, राजुराही; राजुरा पुढे १९५९ला चांद्याकडे गेलं. रूळ होते तिथेच राहिले. काझीपेठ-बल्लारशा हा दिल्ली-मद्रासला जोडणारा मोठा मार्ग १९२९ साली पुरा झाला. तो जिल्ह्याच्या पूर्व भागातून, सिरपूर-मंचेरियालकडून जायचा. आदिलाबाद शहराला त्याचा उपयोग फारसा नव्हता. २०१६ला ते भागही वेगळ्या जिल्ह्यांत गेले. या शहराचा रेल्वेशी जो काही संबंध होता तो किनवटवरून आलेल्या त्या एका मीटरगेज रुळाने. लग्नाची वऱ्हाडं, नांदेडच्या कॉलेजात निघालेली पोरं, दवाखान्यासाठी चाललेली म्हातारी माणसं त्याच रुळावरून गेली. त्या रुळाचं छायाचित्र अनेकांकडे नसेल. ठेका मात्र अनेकांना आठवत असेल, आणि त्याला मोजमाप आहे.

काकांचा भाचा किनवटला असतो. फळीचे फोटो पाहून त्याने विचारलं, किनवट मी केलं तर जोडता येईल का? येईल. जगभर हौशी लोक अशा वेगवेगळ्या फळ्या एकत्र आणून जोडतात. अट एवढीच, की टोकांची मापं आधी ठरलेली हवीत. मी त्याला लिहून पाठवलं: माप १:१२०, रूळ ९ मिलिमीटर, रुळाचा मध्य फळीच्या पुढच्या काठापासून सहा इंच, जमिनीपासून उंची चार फूट, टोकाला दोन बोल्टची भोकं नमुन्याप्रमाणे, वीज १२ व्होल्ट. खाच दर १० सेंटिमीटरला, आणि पहिली खाच टोकापासून बरोबर पाच सेंटिमीटरवर घे, म्हणजे तुझ्या फळीवरून माझ्या फळीवर येताना ठेका चुकणार नाही. सागाची झाडं लागतील तर पऱ्हाट्या इथून पाठवते.